ग्लासगोच्या ओसाड सुक्या गोद्या : बुजवायच्या, जपायच्या की पुन्हा चालवायच्या?

सॅम मेंडिस दिग्दर्शित '१९१७' हा पहिल्या महायुद्धावरचा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातला एक प्रसंग लक्षात असेल. एक ब्रिटिश सैनिक कालव्यावरच्या मोडून पडलेल्या पुलावरून, लोखंडी सांगाड्याला धरून पलीकडे जातो आणि समोरून गोळ्या सुटू लागतात. सिनेमात हे ठिकाण फ्रान्समधलं आहे. प्रत्यक्षात या प्रसंगाचं चित्रीकरण स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झालं. जो कालवा वाटतो, ती जहाजं दुरुस्त करण्यासाठी बांधलेली दीडशे वर्षांपूर्वीची एक गोदी आहे.

चित्रीकरणासाठी ही जागा निवडली गेली, कारण युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावासारखी ती दिसू शकत होती. शहराच्या मध्यभागापासून काही मिनिटांवर, नदीकाठी, भव्य दगडी भिंती आणि आसपास रान. 'गोव्हन ग्रेव्हिंग डॉक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तीन गोद्या १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडल्या. या जागेचं करायचं काय, यावर तेव्हापासून वाद सुरू आहे. जगभरातल्या अनेक बंदर-शहरांपुढे हाच प्रश्न आहे आणि मुंबईही त्याला अपवाद नाही.

सुकी गोदी म्हणजे नेमकं काय?

कोकणात पावसाळ्याआधी मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. तळाला लागलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडतात, फटी बुजवतात, नवा रंग देतात. मग नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा समुद्रात जाते. ही देखभाल केली नाही तर होडी जड होते, तिचा वेग कमी होतो आणि लाकूडही कुजतं.

मोठ्या जहाजाच्या तळाचंही हेच होतं. मात्र हजारो टनांचं जहाज ओढून किनाऱ्यावर आणता येत नाही. म्हणून उलटा उपाय शोधला गेला. जहाज पाण्याबाहेर काढण्याऐवजी जहाजाखालचं पाणीच काढून टाकायचं. सुकी गोदी किंवा ड्राय डॉक ती हीच.

तिचं काम असं चालतं. नदी किंवा समुद्राला लागून एक लांबट, खोल खड्डा खणून त्याला दगडी भिंती बांधतात. एका टोकाला मोठा दरवाजा असतो. दरवाजा उघडून खड्ड्यात पाणी भरलं की जहाज आत येतं. मग दरवाजा बंद करून पंपांनी पाणी उपसतात. पाणी उतरत जातं तसं जहाजही खाली येतं आणि तळाशी आधीच मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांच्या रांगेवर अलगद बसतं. ते कलंडू नये म्हणून पूर्वी दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावत. गोदीच्या भिंती पायऱ्या-पायऱ्यांच्या असतात त्या यासाठीच. त्यावर टेकू टेकवता येतात आणि कामगारांना वेगवेगळ्या उंचीवर उभं राहून काम करता येतं. काम संपलं की पाणी आत सोडायचं. जहाज तरंगू लागतं आणि दरवाजा उघडून बाहेर पडतं.

नावातला 'ग्रेव्हिंग' हा शब्दही याच कामाचा आहे. जहाजाचा तळ साफ करून त्याला डांबर फासण्याला इंग्रजीत जुन्या काळी हे क्रियापद वापरत.

ग्लासगोत या गोद्या कशासाठी बांधल्या?

ग्लासगो हे नैसर्गिक बंदर नव्हतं. शहरातून वाहणारी क्लाइड नदी अठराव्या शतकात इतकी उथळ होती, की काही ठिकाणी ती चालत ओलांडता येत असे. मोठ्या जहाजांतला माल खाली समुद्राच्या दिशेने असलेल्या पोर्ट ग्लासगोला उतरवावा लागे आणि तिथून शहरात आणावा लागे.

१७७०च्या दशकात जॉन गोलबोर्न या अभियंत्याच्या योजनेनुसार नदीच्या दोन्ही काठांवरून पात्रात बांध घालण्यात आले. त्यामुळे प्रवाह अरुंद होऊन वेगवान झाला आणि त्याने स्वतःच तळाचा गाळ वाहून नेला. पुढे यंत्रांनी गाळ काढायला सुरुवात झाली. क्लाइडने ग्लासगो घडवलं आणि ग्लासगोने क्लाइड, असं तिथले लोक म्हणतात ते यामुळेच.

नदी खोल झाल्यावर जहाजं शहरापर्यंत येऊ लागली. वाफेवर चालणाऱ्या लोखंडी आणि नंतर पोलादी जहाजांचा जमाना आला. क्लाइडच्या दोन्ही काठांवर जहाजबांधणीचे कारखाने उभे राहिले. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी, वजनाच्या हिशेबाने, जवळपास एक पंचमांश जहाजं या एका नदीवर तयार होत होती.

इतक्या जहाजांना दुरुस्तीची सोय लागणार होती. नदीचा कारभार पाहणाऱ्या 'क्लाइड नॅव्हिगेशन ट्रस्ट'ने ती जबाबदारी घेतली आणि नदीच्या दक्षिण काठावर, गोव्हनमध्ये, एकामागून एक तीन सुक्या गोद्या बांधल्या.

- पहिली गोदी : १८७५ मध्ये सुरू, लांबी ५५१ फूट
- दुसरी गोदी : १८८६ मध्ये सुरू, लांबी ५७५ फूट
- तिसरी गोदी : १८९८ मध्ये सुरू, लांबी ८८० फूट

या आकड्यांमध्ये त्या काळाचा वेग दिसतो. पहिल्या दोन गोद्यांच्या लांबीत फारसा फरक नाही. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांत तीनशे फूट जास्त लांबीची गोदी बांधावी लागली. तिसऱ्या गोदीच्या मध्येही दरवाजा लावण्याची सोय होती. त्यामुळे एक मोठं जहाज घेता येई किंवा दोन लहान जहाजांचं काम वेगवेगळं चालवता येई.

गोव्हनचं मुंबईशी नातं काय?

गोव्हन हे १८६४ पासून स्वतंत्र नगर होतं. १९१२ मध्ये ते ग्लासगोत विलीन झालं. इथल्या 'फेअरफिल्ड' कारखान्यात बांधलेल्या जहाजांमध्ये 'अँकर लाइन' कंपनीची 'सर्केशिया', 'सिलिशिया' आणि 'कॅलेडोनिया' ही प्रवासी जहाजं होती. ही तिन्ही जहाजं ब्रिटन ते मुंबई या मार्गावर धावत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा कायमचं विलायतेला जाणाऱ्या अनेकांचा प्रवास बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून अशाच जहाजांनी सुरू होत असे.

१९६०च्या दशकात विमानप्रवास वाढला आणि १९६६ मध्ये अँकर लाइनची ही प्रवासी सेवा बंद झाली. जहाजं गेली की त्यांची देखभाल करणाऱ्या गोद्यांचं कामही जातं. क्लाइडवर नेमकं तेच घडत होतं.

गोद्या ओस का पडल्या?

कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं कारण जहाजांचा आकार. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलवाहू आणि मालवाहू जहाजं झपाट्याने मोठी होत गेली. शहराच्या आतपर्यंत, अरुंद नदीतून येणं त्यांना शक्य नव्हतं. क्लाइडच्याच मुखाजवळ ग्रीनॉकला १९६०च्या दशकात कितीतरी मोठी सुकी गोदी बांधली गेली.

दुसरं कारण कंटेनर. पूर्वी एका जहाजातला माल उतरवायला अनेक दिवस आणि शेकडो माणसं लागत. कंटेनर आल्यावर हे काम काही तासांत होऊ लागलं. त्यासाठी खोल पाणी आणि मोठं मोकळं आवार लागतं. शहराच्या मध्यभागी ते मिळत नाही. त्यामुळे बंदरं शहराबाहेर सरकली.

तिसरं कारण जहाजबांधणीतली घसरण. जपानसारख्या देशांतले नवे कारखाने कमी वेळात, कमी खर्चात जहाजं देऊ लागले. १९७१ मध्ये क्लाइडवरचा 'अपर क्लाइड शिपबिल्डर्स' हा कारखान्यांचा समूह बुडीत निघाला आणि सरकारने मदत नाकारली. तेव्हा कामगारांनी संप करण्याऐवजी काम सुरूच ठेवलं. जिमी रीड हे या आंदोलनाचे सर्वांत ठळक नेते होते. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. गोव्हनचा कारखाना वाचला आणि आजही तिथे ब्रिटिश नौदलासाठी युद्धनौका बांधल्या जातात. पण नदीकाठचे बहुतेक कारखाने पुढच्या काही वर्षांत बंद झाले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिन्ही सुक्या गोद्यांचं कामही थांबलं.

मग त्या बुजवल्या का नाहीत?

ग्लासगोने आपल्या इतर गोद्या बुजवल्याच. उत्तर काठावरच्या क्वीन्स डॉकमध्ये, शहरातलं सेंट इनॉक हे जुनं हॉटेल पाडल्यावर निघालेला राडारोडा टाकण्यात आला. त्या भरावावर १९८५ मध्ये प्रदर्शन केंद्र उभं राहिलं. सुक्या गोद्यांच्या शेजारच्या प्रिन्सेस डॉकचा बराचसा भागही बुजवला गेला आणि तिथे १९८८ मध्ये मोठा उद्यान महोत्सव भरला. आज त्या परिसरात विज्ञान केंद्र आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांची कार्यालयं आहेत.

गोव्हनच्या सुक्या गोद्या यातून सुटल्या, कारण त्यांना वारसा वास्तूंच्या यादीत 'अ' श्रेणी मिळाली. स्कॉटलंडमध्ये ही सर्वोच्च श्रेणी असून, अशा वास्तूत परवानगीशिवाय मोडतोड किंवा बदल करता येत नाहीत.

पण या संरक्षणाला एक मर्यादा आहे. वारसा दर्जामुळे वास्तू पाडण्यावर बंधन येतं. तिचा वापर कशासाठी करायचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे त्यातून ठरत नाही. जागा खाजगी मालकीची. बुजवता येत नाही आणि दुरुस्त करणं परवडत नाही. अशा कात्रीत ती तीन दशकांहून अधिक काळ पडून राहिली. पंपघराचं छप्पर गेलं, भिंतींच्या सांध्यांतून झाडं उगवली, गोद्यांमध्ये पाणी आणि गाळ साचला. नावाला सुक्या असलेल्या या गोद्या आता बाराही महिने पाण्यात असतात. धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीतही त्यांचं नाव गेलं.

वाद नेमका कशावरून?

जागेच्या मालक-विकासकाने इथे सातशेहून अधिक घरांचा प्रकल्प मांडला होता. २०१८ मध्ये त्यावर बराच वाद झाला आणि त्याला परवानगी मिळाली नाही. वारसाप्रेमी आणि स्थानिक गटांचं म्हणणं होतं, की इतक्या इमारतींच्या गर्दीत गोद्या केवळ शोभेचे तलाव होऊन राहतील. क्लाइडवर जहाजबांधणीच्या इतिहासाची इतकी मोठी, एकसंध खूण दुसरी उरलेली नाही. त्यामुळे इथे सागरी वारशाचं केंद्र व्हावं आणि लोकांना नदीकाठी येता यावं, अशी त्यांची मागणी होती.

दुसरी बाजूही हलक्यात घेण्यासारखी नाही. ग्लासगोत परवडणाऱ्या घरांची टंचाई आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या महापालिकेने 'गृहनिर्माण आणीबाणी' जाहीर केली. शहराच्या मध्याजवळ, मेट्रोच्या टप्प्यात असलेली मोकळी जागा झाडाझुडपांसाठी सोडून द्यायची का, हा प्रश्न घर शोधणाऱ्या माणसाने विचारला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

गोव्हनला तर घरांच्या प्रश्नाचा स्वतःचा इतिहास आहे. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू असताना, कारखान्यांत कामगारांची गर्दी वाढली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. तेव्हा मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने गोव्हनच्या बायकांनी भाडं देणंच बंद केलं. आंदोलन इतकं पसरलं, की त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडेवाढीवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. बार्बर यांचा पुतळा २०१८ मध्ये गोव्हनमध्ये बसवण्यात आला. ज्या वर्षी गोद्यांवरचा मोठा गृहप्रकल्प अडला, तेच हे वर्ष.

म्हणजे हा वाद 'बिल्डर विरुद्ध वारसा' इतका सरळ नाही. जहाजांवर पोट असलेल्या वस्तीचा वारसा आणि त्याच वस्तीची आजची गरज, असे दोन दावे एकाच जागेवर आहेत.

इतर शहरांनी काय केलं?

जुन्या सुक्या गोद्यांबाबत जगात साधारण तीन वाटा दिसतात.

बुजवणं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रेड हूक भागात एकोणिसाव्या शतकातली सुकी गोदी होती. तिथे फर्निचर विकणाऱ्या 'इकिया' कंपनीचं दुकान आलं आणि गोदी बुजवून तिच्यावर गाड्या लावायची जागा करण्यात आली. २००८ मध्ये दुकान सुरू झालं. भागात नोकऱ्या आल्या, पण जहाज आत घेण्याची सोय कायमची गेली.

संग्रहालय करणं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलला 'एसएस ग्रेट ब्रिटन' हे १८४३ मध्ये पाण्यात उतरलेलं लोखंडी जहाज, ज्या सुक्या गोदीत बांधलं गेलं तिथेच आज उभं आहे. फॉकलंड बेटांजवळ टाकून दिलेलं हे जहाज १९७० मध्ये परत आणलं गेलं. गोदीच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीवर काचेचं छत घालून त्यावर पाण्याचा थर ठेवला आहे. त्यामुळे वरून पाहताना जहाज तरंगताना दिसतं. खाली मात्र गंज वाढू नये म्हणून हवा कोरडी ठेवली जाते.

डेन्मार्कच्या हेल्सिंगोरमध्ये वेगळी युक्ती केली गेली. तिथली सुकी गोदी जागतिक वारसा असलेल्या क्रोनबोर्ग किल्ल्याजवळ असल्याने उंच इमारत बांधून चालणार नव्हतं. वास्तुरचनाकारांनी गोदीचा खड्डा मोकळा ठेवला आणि संग्रहालयाची दालनं तिच्या भिंतींमागे, जमिनीखाली बांधली. २०१३ मध्ये ते खुलं झालं. बेलफास्टमध्ये 'टायटॅनिक' ज्या सुक्या गोदीत ठेवलं गेलं होतं, तीही जपली आहे. तिच्या पंपघरात २०२३ मध्ये व्हिस्कीचा कारखाना सुरू झाला.

पुन्हा कामाला लावणं. ही वाट सर्वांत कमी वेळा निवडली जाते, कारण नवे दरवाजे, पंप, साचलेला गाळ काढणं आणि कुशल कामगार या सगळ्याला पैसा लागतो. पण सुक्या गोदीची गरज संपलेली नाही. प्रत्येक मोठ्या जहाजाला ठरावीक वर्षांनी तळाच्या तपासणीसाठी गोदीत यावंच लागतं. फेऱ्या, टगबोटी आणि जुनी वारसा जहाजं यांना तर लहान आकाराच्या गोद्याच सोयीच्या असतात.

मुंबईने काय केलं?

मुंबईत या वाटांपैकी दोन एकाच वेळी दिसतात. ग्लासगोसारखीच मुंबईतही एक 'प्रिन्सेस डॉक' होती, १८८० मध्ये सुरू झालेली. तिच्या शेजारची व्हिक्टोरिया डॉक १४ एप्रिल १९४४च्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटामुळे इतिहासात नोंदली गेली. कंटेनरसाठी जागा हवी म्हणून अलीकडच्या काळात या दोन्ही गोद्या बुजवण्यात आल्या.

याउलट १९१४ मध्ये सुरू झालेली, हजार फूट लांबीची ह्यूजेस सुकी गोदी अजून वापरात आहे. सध्या तिथलं जहाजदुरुस्तीचं काम कोचीन शिपयार्ड सांभाळतं. नौदल गोदीत अठराव्या शतकापासून सुक्या गोद्या आहेत आणि २०१९ मध्ये तिथेच विमानवाहू नौका मावेल अशी नवी गोदी सुरू झाली. म्हणजे जुनी असली की सुकी गोदी निकामी ठरते, असं नाही. काम मिळत राहिलं आणि देखभाल झाली, तर शंभर वर्षांनंतरही ती चालते.

गोव्हनमध्ये पुढे काय?

सातशे घरांचा आराखडा बारगळल्यानंतर त्याच विकासकाकडून निम्म्याहून कमी, म्हणजे तीनशेच्या आसपास घरांचा आराखडा आला. दरम्यान, पहिल्या क्रमांकाची गोदी पुन्हा जहाजदुरुस्तीसाठी वापरात आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या. काठावर मर्यादित घरं, एका गोदीत प्रत्यक्ष काम आणि उरलेली जागा लोकांसाठी खुली, असा मधला मार्ग त्यातून पुढे आला आहे.

आजूबाजूचा परिसरही बदलतो आहे. पलीकडच्या काठावर २०११ मध्ये झाहा हदिद यांनी रचलेलं वाहतूक संग्रहालय सुरू झालं. त्याच्यासमोर 'ग्लेनली' हे क्लाइडवर १८९६ मध्ये बांधलेलं शिडाचं जहाज नांगरलेलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गोव्हन आणि हा काठ जोडणारा, फक्त पादचारी आणि सायकलींसाठीचा पूल खुला झाला. पूर्वी कारखान्यांच्या भिंतींमुळे नदीपासून तुटलेले गोव्हनचे रहिवासी आता काही मिनिटांत पलीकडे चालत जाऊ शकतात.

मधल्या मार्गातही अडचणी आहेतच. खिडकीसमोर ठोकाठोक आणि रंगाचा वास चालेल का, हे घर घेणाऱ्यांना आधीच ठरवावं लागेल. जहाजदुरुस्तीला सतत काम मिळालं नाही, तर गोदी पुन्हा बंद पडेल आणि तेव्हा तिच्या भोवती घरं असतील. उरलेल्या दोन गोद्यांच्या भिंती कोणाच्या खर्चाने सांभाळायच्या, हेही ठरवावं लागेल.

तरी या वाटेचा एक फायदा आहे. घरं आणखी कुठेतरी बांधता येतात, संग्रहालय दहा वर्षांनीही करता येतं. पण एकदा राडारोडा टाकून बुजवलेली गोदी पुन्हा उकरली जात नाही. क्वीन्स डॉकच्या जागी आज प्रदर्शनं भरतात, तिथे जहाज परत येणार नाही. गोव्हनच्या पहिल्या गोदीत मात्र दरवाजा बसवून पंप सुरू केले, तर ते अजूनही येऊ शकतं.